नियमांची सांगड आणि डावाचा तोल



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, की तो महागाईभत्ता आणि बोनस यांवर तासभर बोलणार, अशी समजूत करून मंडळी येतात. आज आम्ही खेळांवर बोलणार आहोत. खेळाच्या आडून शेवटी आम्ही कारखान्यात शिरू, अशी शंका पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर दिसते आहे. ती अगदीच निराधार नाही. पण मुख्य विषय खेळाचाच आहे. एकाच खेळाचे निरनिराळे प्रकार, निरनिराळ्या लोकांनी त्यांत घातलेल्या भरी, त्या सगळ्या एकत्र कशा करायच्या आणि एकत्र केल्यावर डावाचा तोल कसा राखायचा, हा तो विषय. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे वाचनालयात आणि कचेरीच्या बाकावर झाले. तेव्हा शास्त्र कमी आणि निरीक्षण जास्त, अशी ही शिदोरी आहे.

या विषयावर बोलायला आपल्या भागाइतका हक्क दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. सातारा आणि सांगली हे पूर्वीचे एकच घर. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या घरात दोन खेळ वाढले. साताऱ्याला हुतूतूच्या नियमांची सांगड घातली गेली आणि सांगलीला बुद्धिबळाने घर केले. एक खेळ मातीतला, दुसरा पटावरचा. पण सांगड घालताना जी पंचाईत होते ती दोन्हीकडे सारखीच.

आधी माती. आज ज्याला आपण कबड्डी म्हणतो तो खेळ आपल्याकडे हुतूतू, मद्रासकडे चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू या नावांनी खेळला जाई. नावे निराळी तसे नियमही निराळे. त्यांत तीन प्रकार ठळक होते. पहिला अमर. यात शिवलेला गडी मैदानाबाहेर जात नाही. शिवणाऱ्याच्या बाजूला एक गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. दुसरा गामिनी. यात बाद झालेला गडी बाहेर बसतो तो बसतोच. संपूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नाही. सगळे बाद झाले की एक लोण चढले, आणि ठरलेली लोणे होईपर्यंत सामना चालायचा, मग दिवस मावळला तरी हरकत नाही. तिसरा संजीवनी. यात समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन परत येतो. आणि खेळाला वेळेची मर्यादा असते.

१९२१ च्या सुमारास साताऱ्यात काही मंडळींनी नियमांची एक चौकट बसवली आणि संजीवनी व गामिनी यांची सांगड घालून सामने भरवले. १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय सामने झाले ते छापील नियमांवर. पुढे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याला स्थान मिळाले. ही हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हांला कुतूहल आहे ते त्या सांगडीचे.

श्रोतेहो, ही सांगड वाटते तितकी सोपी नाही. करून पाहा. संजीवनीतले गडी जिवंत करणे घ्या आणि गामिनीतला हिशेब, म्हणजे पूर्ण संघ बाद झाला तरच गुण, तोही घ्या. दोन तुल्यबळ संघ असतील तर एक बाद, एक जिवंत, एक बाद, एक जिवंत, असे रात्रीपर्यंत चालेल आणि फळ्यावर शून्य-शून्य राहील. उलट करून पाहा. अमरमधला प्रत्येक स्पर्शाचा गुण घ्या आणि गामिनीतले बाहेर बसणे घ्या, पण जिवंत करणे घेऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचे तीन गडी गेले, त्याचे गुणही गेले आणि माणसेही गेली. उरलेला सामना हा सामना नव्हे, ती वसुली आहे. प्रत्येक नियम आपापल्या घरी शहाणा होता. एकाला घर सोडायला लावून दुसऱ्याच्या घरी नांदायला पाठवले, की तो वेड्यासारखे वागू लागतो.

आजची कबड्डी पाहा, म्हणजे हे लग्न कसे जमवले ते कळेल. सात गडी आणि लोण ही गामिनीची वळणे, प्रत्येक बादाला गुण हे अमरचे, गडी जिवंत होणे आणि घड्याळ ही संजीवनीची. आणि लोण चढले की समोरच्याला दोन गुण जास्त मिळतात खरे, पण त्याच क्षणी हरणाऱ्याचे सातही गडी परत मैदानात उभे राहतात. शिक्षा आणि उपचार एकाच शिट्टीवर! ज्या कोणा मंडळींच्या डोक्यातून हे निघाले त्यांना आम्ही कामगार कायद्याच्या मसुदा समितीवर आनंदाने बसवले असते.

आणखी एक बारीक गोष्ट. गडी जिवंत होतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने. संघाचा हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला असेल, तर आधीचे दोघे आत आल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. आमच्या धंद्यात याला सेवाज्येष्ठतेची यादी म्हणतात आणि तिच्यावरून डोकी फुटतात. कबड्डीत पंच ती यादी मुकाट्याने पाळतो आणि कोणी हरकत घेत नाही.

पुढच्या काळात या खेळात नव्या भरी पडल्या. बोनस रेषा आली. चढाई करणाऱ्याने एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवला आणि दुसरा त्या वेळी अधांतरी असला, तर कोणाला न शिवताही एक गुण. ऐकताना हा फुकटचा पैसा वाटतो. पण त्याला दोन पायबंद आहेत. समोर निदान सहा गडी उभे असतील तरच हा गुण मिळतो, आणि या गुणाने आपला गडी जिवंत होत नाही. भरलेल्या मैदानात खोल शिरण्याच्या धोक्याचे ते मोल आहे; समोरचा संघ विरळ झाला की धोका गेला आणि मोलही गेले. त्याचप्रमाणे २०१४ साली सुरू झालेल्या व्यावसायिक कबड्डीत दूरचित्रवाणीवर खेळ रेंगाळू नये म्हणून लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक ठरली: गुण आण, नाही तर बाद हो. हा चढाई करणाऱ्यावरचा बोजा झाला. आणि त्याच खेळात तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जादा, ती अव्वल पकड. हा दुबळ्या बाजूला दिलेला टेकू. जुन्या खेळाडूंपैकी पुष्कळांना या नव्या भरी आवडत नाहीत. आम्हांलाही दिव्यांचा झगमगाट आणि कर्णे फारसे रुचत नाहीत. पण भर घालताना तिच्याबरोबर तिचे वजनही आणले आहे, हे कबूल केले पाहिजे.

भर आणि तिचे वजन. आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. कोणत्याही प्रकारातली एखादी सवलत उचलताना ती तिथे कशाने तोललेली होती, हे आधी पाहावे. आणि ते तोलणारे वजनही बरोबर उचलावे, नाही तर दोन्ही तिथेच ठेवावे.

आता पट मांडू. सांगलीकरांना बुद्धिबळ समजावणे म्हणजे हळदीच्या पेठेत हळद विकायला जाणे. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि कै. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यामुळे या गावात किती पोरांच्या हाती मोहरी आली, हे आपण जाणता. पण त्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाआधी आपल्या वाड्यांत आणि पारांवर देशी बुद्धिबळ होते आणि त्याचे नियम निराळे होते. प्यादे पहिल्याच खेळीला दोन घरे उडी घेत नसे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्याची चाल करता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचले तेच ते होई; हवा तेव्हा वजीर मागता येत नसे.

आणि बुर्जी. एका बाजूचा राजा सडा एकटा उरला, की डाव बरोबरीत सुटला. म्हणजे बलवानाला जिंकायचे असेल तर दुबळ्याच्या हातात निदान एक मोहरे किंवा प्यादे ठेवूनच मात करावी लागे. ओरबाडून घेतलेस तर तुझा विजय गेला! त्यातही प्याद्याने मात केली तर तिचा मान सर्वांत मोठा. आम्ही जगातले थोडेफार कायदे वाचले आहेत. बलवानाला इतक्या शांतपणे आवरणारे कलम फार आढळले नाही.

विलायती खेळात बुर्जी नाही. समोरच्याचे सगळे मारा आणि मग सावकाश मात करा. मग तिथे दुबळ्याला काय आसरा? आहे. राजाला शह नाही आणि चालही उरली नाही, अशी कोंडी झाली तर डाव बरोबरीत. देशी खेळात अशी कोंडी करणे बहुतेक ठिकाणी मनाच असे. करणाऱ्याने खेळी परत घेऊन दुसरी करायची. दोन घरे, दोन दरवाजे. देशी घरात दुबळा बुर्जीच्या दाराने सुटतो, विलायती घरात कोंडीच्या. आता पारावर काय होई? एक जण मुंबईहून नवे नियम शिकून येई आणि म्हणे, बुर्जी आता जुनी झाली. मंडळी मान डोलावत. पण कोंडी झाली की तोच गडी म्हणे, छे, आपल्याकडे कोंडी चालत नाही, मी खेळी परत घेतो. दोन्ही दारे बंद! आणि गंमत अशी, की दोन्ही वेळा तो कुठल्या ना कुठल्या खऱ्या नियमाचाच हवाला देत असे. खोटे तो काहीच बोलत नव्हता.

युरोपातही हे झाले आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे वजीर आणि उंट यांची ताकद वाढली, खेळ वेगवान झाला आणि प्याद्याची दोन घरांची पहिली उडीही त्या वेगवान खेळात रुळली. पण त्या उडीमुळे प्यादे शेजारच्या शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यातून सटकू लागले. म्हणून जाता जाता त्याला मारण्याचा नियम आला: तू एकच घर आला असतास तर मी तुला मारले असते, तसेच आत्ता मारतो. इटलीत मात्र उडी होती आणि हा उतारा नव्हता. १८८० साली त्यांनी तो स्वीकारला, तोपर्यंत त्यांचा डाव बाकीच्या युरोपाहून निराळा राहिला.

आणि सुलतान खान. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा माणूस देशी नियमांवर वाढला. सर उमर हयात खान यांनी त्याला १९२९ मध्ये विलायतेला नेले. त्याच वर्षी तो ब्रिटनचा विजेता झाला, १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा झाला. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवले. त्याच्या डावाची सुरुवात कच्ची असे, कारण वेगवान सुरुवात त्याच्या हाडात नव्हती; पण मोहरी कमी झाल्यावर उरणारा डाव तो असा खेळे, की भलेभले घाम पुसत. त्याने सांगड घातली ती नियमांची नव्हे, स्वतःच्या सवयींची. २०२४ साली जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले.

आता तिसऱ्या खेळाकडे वळतो. तो पाटीवरही नाही आणि पटावरही नाही. आमच्या कचेरीत संध्याकाळी येणारी तरुण पोरे संगणकावर 'बाल्डर्स गेट' नावाचा एक जुना खेळ खेळतात. कॅनडातल्या एका कंपनीने तो १९९८ साली काढला. त्याचे मूळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ सालच्या कागद-पेन्सिलीच्या खेळात आहे. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी तो जिवंत आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे हौशी लोकांनी त्यात घातलेल्या भरी. त्यांना मॉड म्हणतात. कोणी नवी गावे घालतो, कोणी नवे सोबती, कोणी नवी शस्त्रे, कोणी राक्षसांना अक्कल देतो. हे सगळे फुकट, केवळ प्रेमापोटी. आम्ही चष्मा पुसून चार-सहा महिने हा खेळ पाहिला, थोडा खेळलोही. ज्येष्ठ श्रोत्यांना हसू येत असेल तर येऊ द्या. त्यांनी उमेदीत नाटकांच्या पिटात काढलेल्या रात्री आम्हांला ठाऊक आहेत.

खेळ असा. आपण एक वीर घडवायचा, जास्तीत जास्त सहा जणांची टोळी करायची आणि मुलूख धुंडाळायचा. शत्रू मारला, कोणाचे काम केले, की अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की वीर एक पायरी वर चढतो. मूळ खेळात ८९,००० गुणांवर टोपण बसवले होते. १९९९ च्या पुरवणीत ते १,६१,००० वर नेले. टोपण का? शेवटी जो शत्रू उभा आहे तो तेवढ्या पायऱ्या चढलेल्या माणसासाठी घडवला आहे, म्हणून. मिळालेले गुण टोळीत वाटले जातात. सहा जण असाल तर वाटा लहान, एकटे हिंडाल तर सगळे तुमचे. पण मग मारही तुम्हीच खायचा.

पूर्वी या मॉडांची मोठी मारामारी होई. प्रत्येक मॉड मूळ फाइल उचलून तिच्या जागी आपली ठेवी. दुसरा आला की पहिल्याची पुसून टाकी. वेस्टली वाइमर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने एक अवजार तयार केले. ते पूर्ण फाइल न बदलता हवी तेवढीच ओळ दुरुस्त करते, आणि काय, कोणत्या क्रमाने घातले याची वही ठेवते. मधला एखादा मॉड काढायचा असेल तर त्याच्यावरचे सगळे उतरवते, तो काढते आणि वरचे पुन्हा त्याच क्रमाने चढवते. हे पाहून आम्हांला खरोखर हेवा वाटला. नवा करार जुन्या कराराचे कलम रद्द करतो की फक्त दुरुस्त करतो, यावर आम्ही औद्योगिक न्यायालयात वर्षे घालवली आहेत. अशी वही दोन्ही पक्षांनी ठेवली असती, तर निम्म्या वकिलांना शेती करावी लागली असती.

पण त्या अवजाराने भांडण मिटते, तोल मात्र आपोआप येत नाही. पोरे आमच्याकडे तक्रार घेऊन आली ती ही: आठ मॉड घातले, एकही अडखळला नाही, सगळे गुण्यागोविंदाने चालते, तरी खेळ बेचव झाला, अर्ध्या वाटेवरच आमचा वीर इतका बलाढ्य झाला की कोणी समोर टिकत नाही. आम्ही म्हटले, हिशेब काढा. कागद घेतला. आठांपैकी पाच मॉड नव्या कामगिऱ्या देणारे होते. प्रत्येकाच्या कर्त्याने आपल्या कामगिरीला रास्तच मोबदला ठेवला होता: इतके गुण, इतके सोने, एक बरी तलवार. पण प्रत्येकाने तो मोबदला ठरवला तो दुसरे चौघे नाहीत असे धरून. पाच रास्त मोबदल्यांची बेरीज रास्त राहिली नाही.

इथे तुमची शंका खरी ठरते. आम्ही कारखान्यात शिरतो, पण क्षणभरच. जिल्ह्यातल्या एका कारखान्यात एका वर्षी जादा उत्पादनावर बक्षीस सुरू झाले. काही वर्षांनी महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला हजेरीभत्ता सुरू झाला. दोन्ही योजना स्वतंत्रपणे वाचा, नाव ठेवायला जागा नाही. पण एक यंत्रावरचा कामगार अंगात ताप घेऊन महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी कामावर आला, कारण एक खाडा म्हणजे पूर्ण महिन्याचा भत्ता गेला. आणि तापातच त्याने यंत्र नेहमीच्या वेगाने चालवले, कारण वेग उतरला की बक्षीस गेले. त्याची दोन बोटे गेली. चौकशीत दोन्ही योजनांचे कागद मांडले गेले आणि दोन्ही निर्दोष ठरले. त्यांची बेरीज कोणी मांडलीच नव्हती. संगणकावरच्या पोरांची फार तर संध्याकाळ बिघडते. म्हणून आम्ही त्यांना सांगतो, बेरजेची सवय तिथेच लावून घ्या. तिथे ती स्वस्तात लागते.

मग पोरांनी काय केले? पाचांपैकी दोन कामगिऱ्या काढल्या. शत्रू मारल्याचे गुण घटवणारा एक छोटा मॉड घातला. क्रमही बदलला: मुलूख आणि कामगिऱ्या वाढवणारे आधी, शस्त्रांचे त्यानंतर, आणि शत्रूला अक्कल देणारा अगदी शेवटी, कारण तो आधी जे काही मैदानात उभे असेल त्या सगळ्यांना हात लावतो. त्या शेवटच्या मॉडाचे नाव 'स्वोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स'. त्याची रीत आम्हांला फार पसंत पडली. शत्रू बलाढ्य करायचा सोपा मार्ग म्हणजे त्याचे रक्त दुप्पट करणे. मग तो मरायला दुप्पट वेळ लागतो एवढेच. हा मॉड मुख्यतः तसे करत नाही. मांत्रिक आपले मंत्र वेळेवर वापरू लागतो. लढाई दिसली की आधी कवच चढवतो.  खर्च करण्याची अक्कल नवी.

परवा एकाने आम्हांला विचारले, की संगणकावर माणूस एकटाच खेळतो. त्याने तोल बिघडवला तर कोणाचे काय गेले? प्रश्न रास्त आहे. कबड्डीत तोल बिघडला तर समोरचे सात जण पंचाच्या अंगावर जातात. पटावर समोरचा हात आपटतो. एकट्याच्या खेळात ओरडणारे कोणी नाही. गडीही आपण, पंचही आपण, आणि नियम लिहिणारेही आपणच. तिथे बिघाडाची खूण एकच, ती म्हणजे कंटाळा. जिंकत असताना कंटाळा आला, तर वही उघडून पाहावी. ज्या संघटनेत सभासद भांडत नाहीत आणि नुसतेच यायचे बंद होतात, तिची वहीसुद्धा अशीच उघडावी लागते. पण तो विषय पुढच्या वर्षी बोलावलेत तर.

जाता जाता एक काम सांगतो. देशी बुद्धिबळाचे गावोगावचे नियम ज्यांना पाठ आहेत अशी म्हातारी माणसे आता थोडी राहिली आहेत. बुर्जी कुठे कशी धरत, राजाची घोड्याची चाल शह बसल्यावर जाई की राहत असे, प्यादे कोणत्या पट्टीत अडकून पडे, हे वाळवा-तासगावकडे एक आणि कोरेगाव-वाईकडे दुसरे असण्याचा संभव आहे. शाळेतल्या पोरांनी या सुट्टीत आपल्या आजोबांसमोर पट मांडावा आणि ते जे सांगतील ते, गावाचे नाव घालून, वहीत उतरवून घ्यावे. दोन गावांचे नियम एकमेकांत मिसळू नयेत. प्रत्येक गावाला निराळे पान द्यावे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे. ज्यांना शंका असतील त्यांनी विचाराव्यात. ज्यांना डाव मांडायचा असेल त्यांच्यासाठी मागच्या बाकावर पट आणि मोहरी आणून ठेवली आहेत.